आधी कुणाला फोन जाणार?

मंगळवेढ्यातल्या एका घरात कॅमेऱ्यावरून बहीण-भावात जुंपली. ते बोलणं पुढे देतो आहे, पण जसंच्या तसं नाही. अक्का आणि बापू ही नावं मी ठेवलेली, आणि त्यांच्या तोंडची निम्मी वाक्यं तालुक्यातल्या दुसऱ्या घरांतून आलेली. जोडकाम माझं.

अशा भांडणात कोण कुठल्या बाजूला असणार हे आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं. पुण्याचा मुलगा यंत्रं पाठवतो आणि गावातली मुलगी मायेच्या हाताचं माहात्म्य सांगते. इथं नेमकं उलटं होतं. कॅमेरा हवा होता अक्काला. तिचं सासर गावातच, चार गल्ल्या पलीकडं. ती रोज सकाळ-संध्याकाळ आईकडे जाते. कॅमेरा नको होता बापूला, जो हिंजवडीत संगणकावरच पोट भरतो. आई अठ्ठ्याहत्तरीची, एकटी राहते, आणि हे घर सोडून कुठंही जायला तयार नाही.

या तालुक्यात अशी घरं गल्लोगल्ली सापडतील. जमीन काळी, पाऊस बेभरवशाचा. मालदांडी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर येते, चवीला तिच्या तोडीची दुसरी नाही, आणि २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ज्वारीवर पोरांची लग्नं निघतात, फ्लॅट निघत नाहीत. पाण्यासाठी इथल्या गावांनी २००९ च्या लोकसभा निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता. पाणी यायच्या आधी पोरं निघून गेली. मागं राहिलेल्यांचं आता वय झालं.

अक्का : सोप्यात एक लाव, चुलीकडं एक लाव. झालं. तुला काय जातंय?

बापू : आईला विचारलंस?

अक्का : तिला काय विचारायचं? मला विचार. त्या दिवशी दूधवाला हाका मारतोय, आतनं ओ न्हाई, म्हणून तो माझ्या दारात आला. कडी काढाय कोण न्हाई. माझ्या पोरानं माळवदावरनं आत उडी मारली. न्हाणीत पडलीती. कवा पडली तिलाच सांगता येईना. अंग गार पडलंतं. तवापासनं मी फोन उशाला घिऊन झोपते. रात्रीची उठून बगते, कुणाचा आला का.

बापू : न्हाणीत पडली ना? आणि कॅमेरा तू सोप्यात लावणार. मग त्यात काय दिसलं असतं? रिकामा सोपा.

अक्का : मग न्हाणीत लाव.

बापू : लावू?

अक्का काही बोलली नाही. म्हातारी माणसं पडतात ती न्हाणीत, संडासात, रात्री अंथरुणातून उठताना, उंबरठा ओलांडताना. जिथं कॅमेरा लावायला कुणाची हरकत नसते तिथं पडण्याचा धोका कमी, आणि जिथं धोका जास्त तिथं तो लावा म्हणायला जीभ रेटत नाही. विकणारे हे सांगत नाहीत. खोक्यावरच्या चित्रात आजी कायम सोफ्यावर बसलेली असते.

बापू : न्हाणीत धरायला दांडी बसव. शहाबादी फरशी गुळगुळीत झालीय, ती काढून खरबरीत टाक. दार आत उघडतं, ते बाहेर उघडेल असं कर. आत पडलेलं माणूस दाराला आडवं आलं तर बाहेरून उघडायचं कसं? रात्रभर जळणारा एक बारका दिवा. एवढं केलंस तरी निम्मी काळजी मिटेल.

अक्का : केलंस म्हणतोस. म्हंजे मीच करायचं. गवंडी दोन म्हैने झालं येतो येतो म्हणतोय. तू तिकडनं सांगतोस बरं सगळं.

बापू : बरं, मग हातातलं घड्याळ घेऊ. पडलं की आपोआप फोन लावतं.

अक्का : तिच्या हातात? आरं, ती अजून भाकरी थापती. चार भाकरी थापल्या की चार येळा घड्याळ बोंबलंल, म्हातारी पडली म्हणून.

हा विनोद असला तरी अगदीच हवेतला नाही. पडणं ओळखणारी घड्याळं हाताची अचानक झालेली हालचाल आणि त्यानंतरची निश्चलता मोजतात. हात जोरात आपटला की ती फसू शकतात. बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पोळपाटावर ज्वारीची भाकरी थापणारी बाई नव्हती, त्यात त्यांचा दोष नाही. शिवाय घड्याळ रोज चार्जिंगला लावायचं, अंघोळीला काढायचं नाही, काढलं तर परत घालायचं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ही नवी सवय लागेल या भरवशावर सगळं उभं.

अक्का : म्हणून म्हणते, कॅमेरा. तिला काय करायचं न्हाई. भिंतीवर बसल गप.

बापू : वळवाचा पाऊस आला की लाईट जाते, तेव्हा तोही गप. आणि लाईट असते तेव्हा ते चित्र कुठं जातं, ठाऊक आहे? आपल्या घरात राहत नाही ते. कंपनीच्या संगणकावर जातं, तिथून तुझ्या फोनवर येतं. पासवर्ड तुझ्याकडं, माझ्याकडं, तुझ्या पोराकडं, माझ्या बायकोकडं. आई सोप्यात लुगडं बदलते, अक्का.

अक्का : मी तिला न्हाऊ घालते. मला काय दिसायचं ऱ्हायलंय?

बापू : तू घालतेस तेव्हा तू तिच्यासमोर असतेस. तिला तू दिसतेस. नको असलं तर तुला जा म्हणता येतं. कॅमेऱ्याला काय म्हणेल?

अक्का : तुला एवढी अब्रूची काळजी, आन मला तिच्या जिवाची.

बापू : मी या धंद्यात आहे म्हणून बोलतोय. २०२३ मध्ये माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण घरच्या माणसानं घरगुती कामासाठी वापरलेली माहिती त्यातून वगळलीय. म्हणजे आईला आपल्याबद्दल तक्रार करायची असली तर त्या कायद्यात तिला जागाच नाही.

अक्का : आई आपल्यावर केस घालणार?

दोघंही हसले. बापूचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपण लहान मुलावर लक्ष ठेवतो तेव्हा ते मोठं होऊन सुटणार असतं. आईवर ठेवलेलं लक्ष सैल होत नाही, वाढत जातं. आधी सोपा, मग चूल, मग औषधाची डबी किती वाजता उघडली ते. आणि म्हातारपणी माणूस काही गोष्टी मुद्दाम लपवूनही करतं. मधुमेह असताना गुळाचा खडा तोंडात टाकतं, डॉक्टरनं बंद केलेली तंबाखूची चिमूट मळतं. यातलं काय पकडायचं आणि काय बघितलं न बघितलं करायचं, हे समोर राहणाऱ्या माणसाला कळतं. दोनशे पस्तीस किलोमीटरवरून बघणारा फोन उचलून ओरडतो.

अक्का मागं हटणारी नव्हती.

अक्का : यंत्र नको म्हणायला तुमाला बरं वाटतंय. रोज करणाऱ्याला विचारा. बाबांच्या कारखान्याची पेन्शन, म्हैन्याला हजार रुपये. त्या हजारासाठी दरवर्षी आईला रिक्षात घालून बँकेत न्यायची, जिवंत हाय म्हणून दाखवायला. आता घरात बसून फोनवर तोंड दाखवलं की झालं. पहिल्या खेपंला लई हसलो. यंत्र म्हणतंय डोळं मिचकाव, आन ही देवापुढं बसल्यागत दोन्ही डोळं मिटून बसली. पण झालं! रिक्षा न्हाई, रांग न्हाई.

इथं अक्काच्या बाजूनं उभं राहावंसं वाटतं. जीवन प्रमाण ही डिजिटल हयातीच्या दाखल्याची सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला तीही अंगठ्यावर चालायची, आणि खुरपं धरून, शेण सारवून, जात्यावर दळून ज्यांची बोटं झिजली त्यांच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नसतात. रेशन दुकानात अशा बायकांना पुन्हा पुन्हा बोट पुसून लावायला सांगतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली आणि हा छळ पुष्कळ कमी झाला. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनवाल्यांना हा दाखला वर्षात कधीही देता येतो, दिल्यापासून वर्षभर चालतो. नोव्हेंबरचीच गर्दी गाठायची गरज नाही. पोस्टमन घरी येऊनही हे करून देतो. पेन्शनची किमान रक्कम मात्र २०१४ मध्ये हजार ठरली आणि तिथंच बसली.

बापू : ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

अक्का : माझ्या. तिला कुठं वाचता येतोय?

बापू : म्हणजे खातं तिचं, फोन तुझा.

अक्का : मी खाते का तिचे पैसे?

बापू : तसं नाही म्हणालो.

अक्का : तसंच म्हणालास.

या गोष्टीवरून घरं फुटतात. पूर्वी पोस्टमन मनीऑर्डर आणायचा, नोटा म्हातारीच्या हातात मोजायचा, ती लुगड्याच्या कनवटीला लावायची. घरात कुणालाही दहा रुपये हवे असले तर तिच्याकडं हात पसरायला लागायचा. आता पैसे खात्यावर येतात, खात्याचा निरोप लेकीच्या फोनवर येतो, आणि आईला विचारलं तुझ्या खात्यात किती आहेत, तर ती म्हणते, अक्काला ठाऊक. चोरी कुणीच केलेली नसते, पण तिच्या हातातनं काहीतरी गेलेलं असतं. यावरचा एक साधा उपाय पोस्टातच आहे. आधारला जोडलेल्या खात्यातले पैसे पोस्टमन दारात येऊन रोख देऊ शकतो. तो मोजून तिच्याच हातात देतो, एवढ्यासाठी तरी ही सोय वापरावी.

फोन आईच्याच हातात द्यावा तर दुसरी भीती. पोलिसाच्या वेशात माणूस व्हिडिओवर येतो, तुमच्या नावानं गुन्हा दाखल आहे, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे म्हणतो, आणि घाबरलेल्या माणसाकडून आयुष्यभराची पुंजी काढून घेतो. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही, आणि पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवायचं असतं. या जाळ्यात शहरातले शिकलेले निवृत्त लोकही सापडले आहेत, तेव्हा याला आईच्या अडाणीपणाशी जोडू नये.

बापू : मी ते बोलणारं यंत्र आणलं होतं ना गेल्या दिवाळीला. हाक मारली की फोन लावून देणारं. ते का बंद आहे?

अक्का : तिचं बोलणं त्याला कळतंय कुठं? तिचं म्हायेर इंडीकडचं. निम्मं कानडी, निम्मं मराठी. ती म्हणली बापूला लाव, त्यानं भजन लावलं. ती म्हणली गप बस, ते म्हणतंय मला समजलं न्हाई. मग तिनं त्याच्यावर टोपलं घातलं.

मग बापूनं जपानची किटली काढली. ती गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर.

बापू : जपानमध्ये झोजिरुशी म्हणून कंपनी आहे, चहाच्या पाण्याच्या विजेच्या किटल्या करते. १९९६ मध्ये टोकियोत एका घरात म्हातारी आई आणि तिचा आजारी मुलगा मरून पडले आणि बरेच दिवस कुणाला पत्ताच लागला नाही. देश हादरला. त्यानंतर त्यांनी एक किटली काढली, २००१ मध्ये. आत छोटं यंत्र. म्हातारीनं किटली चालू केली, पाणी ओतलं, की नोंद होते. दिवसातून दोनदा लेकीला निरोप जातो: अमुक वाजता चहा झाला. फोटो नाही, आवाज नाही. फक्त चहा.

अक्का : हे बरं हाय.

बापू : बघ! आईला काही शिकायचं नाही, काही अंगावर घालायचं नाही. ती जे रोज करते तेच करायचं.

अक्का : आन चहा न्हाई झाला तर?

बापू : तर निरोप येतो.

अक्का : कुणाला?

बापू : मला. तुला.

अक्का : तुला आला तर तू काय करणार?

बापू : तुला फोन करणार.

अक्का : तेच सांगतेय की मी मगाधरनं. किटली आण, घड्याळ आण, कॅमेरा आण, समद्यांची तार येऊन माझ्या दारात. दूधवाला पण माझ्याच दारात आलाता. तेवढ्यासाठी तुमचं कशाला पायजे?

बापू : मग तू कॅमेरा का मागतेस?

अक्का : रात्री उठून न जाता बगता यावं म्हणून! मधी पाऊस, कुत्री, अंधार. माझं पण गुडघं दुखतात रं. पन्नाशी उलटली माझी. तुला वाटतंय मी आईवर नजर ठिवायला मागतेय. मला झोप पायजे.

इथं बापू गप्प झाला, आणि मलाही सुचेना काय बोलावं. यंत्राविरुद्धच्या आपल्या सगळ्या थोर युक्तिवादांत सांभाळणाऱ्याची झोप कुठंच येत नाही. आपण म्हाताऱ्या माणसाची प्रतिष्ठा मोजतो, पुण्यामुंबईच्या मुलाची खंत मोजतो, आणि मधल्या बाईला धरूनच चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३ चा अहवाल सांगतो की २०५० पर्यंत भारतात दर पाच माणसांत एक साठीच्या पुढचं असेल. त्यांच्या मागं रात्री उठणारी जी कुणी असेल, तिची गणती त्या आकड्यात नाही.

बापू : मी पैसे पाठवतो ना दर महिन्याला.

अक्का : औषधाला पाठवतोस, किराण्याला पाठवतोस. कॅमेऱ्याचं म्हैन्याचं भाडं पण भरशील. माझं किती भरशील?

बापू : तुझं? अक्का, तू काय बोलतेस! तू बहीण आहेस. तुला पैसे द्यायचे?

अक्का : बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर माझं नाव लागलंतं. आठवतंय? तुझं लगीन ठरलं, तवा आई म्हणली, भावाला अडचण नको. मी निबंधकाकडं जाऊन हक्कसोड करून दिलं. एक चोळी-पातळ मिळालं. मी काय मागंना झाले, आजपण मागत न्हाई. पण त्या शेताची ज्वारी तुझ्या पुण्याच्या घरात जाती. हुरड्याला तू हापिसातली माणसं घिऊन येतोस. बांधावर कोण हाय, आन न्हाणीत कोण हाय, बग जरा.

हे भावाला तोंडावर ऐकवणारी बहीण मी पहिल्यांदाच पाहिली. बाकीच्या हे पाठीमागं बोलतात. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा १९९४ मध्येच दिला, देशानं २००५ मध्ये. आणि गावोगावच्या मुली तो वाटा चोळी-पातळावर सोडत आल्या आहेत, माहेर तुटू नये म्हणून. गंमत पुढं आहे. आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखंच जबाबदार धरतो. प्रांताधिकाऱ्याकडं अर्ज करून महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी मागता येते, हक्कसोड केलेल्या लेकीकडूनही. शेतातला हिस्सा सोडायला मुद्रांकावरचा मसुदा मिळतो. आईच्या आजारपणातला हिस्सा सोडायला तसला कागद नाही, आणि असता तरी अक्कानं त्यावर सही केली नसती.

बापू : कायद्यानं पैसे मिळतील. येणं-जाणं नाही मिळणार. चीननं २०१३ मध्ये तसाही कायदा लागू केला, मुलांनी आई-बापाला वरचेवर भेटायला गेलंच पाहिजे असा.

अक्का : आन जातात?

बापू : मला काय माहीत.

अक्का : कायद्यानं आलेला पाव्हणा घटकंघटकंला घड्याळ बगतोय.

इतका वेळ आई आत ज्वारी निवडत बसली होती. तिच्याच घरात, तिच्याबद्दल, मोठ्यानं भांडण चाललेलं, आणि ती हाकेच्या अंतरावर. चहा घेऊन आली तेव्हा बापूनं तिला एकदाचं विचारलं. पहिल्यांदा तिला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं.

आई : कॅमेरा लावा न्हाईतर ऱ्हाऊ द्या. मला काय दिसतोय त्यो? पण तू रातच्याला फोन करतोस, त्यातलं मला निम्मं ऐकू येत न्हाई, बापू. मी आपली बरं बरं म्हणते.

बापू : तू रोज सांगतेस, गोळ्या घेतल्या.

आई : तू काय इचारतोस कुणास ठावं. मी बरं म्हणते.

अक्का : आगं, मग सांगायचं न्हाईस?

आई : तुमी जोरात बोलाय लागता. वरडल्यागत वाटतंय.

बापूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रोज रात्री नेमानं केलेला फोन, हे त्याचं कर्तव्याच्या खात्यावरचं सगळ्यात मोठं जमा होतं. अक्का रोज समोर असते, पण तिनं आवाज चढवायची सवय लावून घेतली होती, त्यामुळं आईला किती कमी ऐकू येतं हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. डोळ्यांचं तसं होत नाही. मोतीबिंदू झाला की घरचे नेऊन ऑपरेशन करून आणतात, कारण म्हातारं माणूस ठेचकाळलेलं दिसतं. कान गेले की माणूस फक्त गप्प होत जातं, आणि गप्प म्हातारी घराला सोयीची वाटते. ‘लॅन्सेट’च्या स्मृतिभ्रंशावरील आयोगानं २०१७ पासून सांगितलं आहे की, ज्यावर इलाज करता येतो अशा धोक्याच्या कारणांत कमी ऐकू येणं हे फार मोठं कारण आहे. ऐकू येईना की बोलणं तुटतं, बोलणं तुटलं की मेंदूचं काम कमी होतं.

तर या घरात ज्या यंत्राची गरज होती ते भिंतीवर बसणारं नव्हतं, कानामागं बसणारं होतं. तेही घरात आणलं की काम झालं असं नाही. आधी सोलापूरला नेऊन कानाची तपासणी, मग मापानं यंत्र. सुरुवातीला भांड्याचा आवाज, पंख्याचा आवाज डोक्यात जातो. सवय व्हायला आठवडे लागतात. बारीक बॅटरी बदलायला थरथरत्या बोटांना जमत नाही, म्हणून कितीतरी यंत्रं कपाटात जाऊन पडतात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना अशा साधनांसाठी तीन हजार रुपये मिळतात. चांगल्या यंत्राला ते पुरणार नाहीत. उरलेले बापूनं घालायचे, हे विचारावं लागलं नाही.

आई : सोलापूरला जायाचं? कवा?

अक्का : आता फोनवरच डॉक्टर बोलतोय, म्हणून तुला न्यायचं बंद केलंतं.

आई : ते एक लई वंगाळ केलंसा. यष्टीत बसायला मिळायचं. मला तिकीट न्हाई आता.

अक्कानं फोनवरच्या डॉक्टरची व्यवस्था आईचे हाल वाचावेत म्हणून केली होती, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. ई-संजीवनीसारख्या सरकारी सोयीमुळं नुसती गोळी चालू ठेवू की बदलू एवढ्यासाठी पंचावन्न किलोमीटर जायचं वाचतं. पण ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली आहे, आणि आईच्या लेखी सोलापूरचा डॉक्टर हे खिडकीजवळ बसून जायचं, स्टँडवर ओळखीचं कुणी भेटायचं, येताना बहिणीसाठी काहीतरी घ्यायचं निमित्त होतं. तपासायला दोन मिनिटं, आणि सगळा दिवस आपला. तो दिवस गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तिला विचारलं असतं तरी ती बरं म्हणाली असती.

शेवटी काय ठरलं, ते सांगतो. गवंड्याला बापू स्वतः जाऊन भेटणार, पुण्याला परतायच्या आत. दांडी, फरशी, दार, दिवा. कानाची तपासणी पुढच्या आठवड्यात, एसटीनं. पोस्टमनला सांगून पेन्शनचे पैसे आईच्या हातात. कॅमेऱ्याचं भिजत घोंगडं तसंच. अक्का म्हणाली, न्हाणीच्या दारातल्या वाटेवर तरी एक बसव, रात्री ती उठली एवढं कळेल. बापू म्हणाला, मग कॅमेरा कशाला, हालचाल कळणारं साधं यंत्र बसवू, चित्र न काढणारं. त्यावर विचार करायला दोघं तयार होते. रात्री सोबतीला झोपायला एखादी बाई ठेवायची आणि तिचा पगार बापूनं द्यायचा, हेही निघालं. आईनं तोंड वाकडं केलं. अक्काच्या हिश्शाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. तो मिटला असं मला वाटत नाही.

मग बापूनं वहीचं पान फाडलं, भिंतीवर लावायला. अडीअडचणीला कुणाला फोन करायचा, मोठ्या अक्षरांत. १०८ रुग्णवाहिका. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७, तीही दिवसाचीच, सकाळी आठ ते रात्री आठ. त्याखाली त्यानं स्वतःचा नंबर घातला.

अक्का : तुझा पयला कशाला? तुला यायला पाच तास.

बापू : मग तुझा पहिला.

अक्का : माझा दुसरा. मला यायला धा मिनटं, कडी आतनं असली तर तेवढ्यात पण न्हाई. पयला शेजारणीचा घाल. दोघींची भिंत एकच. आईनं भिंतीवर तांब्या आपटला तरी तिला ऐकू जातंय.

बापू : ती येईल ना रात्री?

अक्का : यील की.

बापू : तिला विचारलंस?

अक्कानं पदर सारखा केला आणि चप्पल घातली. बापू तिच्या मागं निघाला. पान अजून भिंतीवर लावलं नव्हतं.